तेवीस बांगड्यांचा अहवाल

"आता भरत न्हाई मी," अक्काताई करंडे म्हणाली. "हात गेलाय माझा. पेठेत दुसरी कासारीण हाय, तिच्याकडं जावा."

ती दारात उभी होती. उजवा हात पदराखाली घेतलेला, डावा चौकटीवर. मी गप्प राहिलो, कारण मला जे ऐकायचं नव्हतं नेमकं तेच ती बोलत होती. बोलली ती माझी बायको शैला. तिला सातवा महिना लागला होता आणि तासगावच्या स्टँडपासून चालत आल्यामुळं दम लागला होता. तिनं सांगितलं की परवा डोहाळजेवण आहे, हाताला सूज आल्यामुळं जुन्या बांगड्या उतरवाव्या लागल्या, सांगलीत दोन ठिकाणी जाऊन आले पण असला हात बघून कुणी भरायला तयार होत नाही. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तासगावात एक कासारीण आहे, हात कसलाही असो ती भरते, असं मीच तिला सांगितलं होतं. तेही खरंच होतं. फक्त ही माहिती मला कुठून मिळाली ते मी तिला सांगितलं नव्हतं.

अक्काताईनं शैलाची मनगटं बघितली. पोटाकडं बघितलं. मग एक सुस्कारा टाकून ती दारातून बाजूला झाली.

"ये आत. दोन जीवाच्या बाईला कासारणीच्या दारातनं रिकाम्या हातानं परत लावायचं नसतं." मीही चप्पल काढायला लागलो, तसं तिनं मला थांबवलं. "भाऊ, तुम्ही बाहीरच बसा. हितं गड्यामाणसाचं काय काम?"

कट्ट्यावर पोतं टाकलेलं होतं, त्यावर मी बसलो. घड्याळात बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. खिशातली छोटी वही काढून तेवढं टिपून ठेवलं.

गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी तेव्हा सांगलीला एका विमा कंपनीत तपासनीस होतो. तपासनीस म्हणजे काय, तर ज्याचा पाय मोडला म्हणून कागदावर लिहिलंय तो माणूस प्रत्यक्षात चालतो कसा, हे लांब उभं राहून बघायचं आणि अहवाल लिहायचा. माझा हात त्यात चांगला बसला होता. कमरेचं हाड मोडलेला एक इसम मी आंब्याच्या झाडावर आंबे उतरवताना गाठला होता, आणि त्या एका कामावर दोन वर्षं साहेबांच्या मर्जीत राहिलो होतो. लबाड लोक असतातच, आणि ते सापडले की मला मनापासून आनंद व्हायचा. आता कशाला लपवू.

अक्काताईच्या दाव्यात मात्र लबाडी अशी दिसत नव्हती. वर्षभरापूर्वी बाजाराहून टेम्पोतून परत येताना एक ट्रक टेम्पोला घासून गेला. तिचा उजवा हात बाहेरच्या दांडीवर होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं चिरडली. डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण अंगठा मिटेना. चूक ट्रकवाल्याची होती आणि ट्रकचा विमा आमच्याकडं होता, याबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद एवढाच की तिचा धंदा गेला की नाही. सरकारी डॉक्टरांनी अपंगत्व अठरा टक्के लिहिलं होतं. आमची कंपनी म्हणत होती, अठरा टक्के हात गेला तर भरपाई अठरा टक्क्यांचीच. तिच्या वकिलाचं म्हणणं, कासारणीचा अंगठा गेला म्हणजे धंदा सगळाच गेला. त्या हातानं ती झाडलोट करील, पाणी भरील, पण दुसऱ्या बाईच्या हातात काच चढवू शकणार नाही. ते कोर्टानं मानलं तर तिच्या म्हातारपणाची सोय होत होती. नाही मानलं तर दवाखान्याचं देणं भागल्यावर हातात काही उरणार नव्हतं.

आमचे बिडवेसाहेब म्हणाले, ती अजून बांगड्या भरते असा एक पुरावा आण, बास. आता बांगड्या भरताना मला कोण शेजारी बसू देणार? तेव्हा डोक्यात आलं की आपल्या घरात बांगड्या भरायच्याच आहेत. शैलाच्या डॉक्टरांनी सूज बघून मीठ कमी करायला आणि आराम करायला सांगितलं होतं. पण तासगाव म्हणजे एसटीनं तासाभराचा रस्ता, त्यात काय एवढं, असं मी म्हणालो. ती लगेच तयार झाली. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि मी आपण होऊन तिला कुठं घेऊन गेलोय असं फारसं घडलं नव्हतं.

दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून मला अक्काताईची पाठ तेवढी दिसत होती. मांडीवर तिनं गोधडी घेतली होती, शेजारी पत्र्याची पेटी उघडी होती आणि समोर शैला हात पुढं करून बसलेली. काय चाललंय ते दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. अक्काताई सारखी बोलत होती. माहेर कुठलं, भाऊ किती, कशाचे डोहाळे लागले, सासू हाय का. शैला उत्तरं द्यायची, मधेच गप्प व्हायची, की अक्काताई आवाज चढवून पुढचा प्रश्न विचारायची. एकदा तर तिनं ओटीभरणाचं गाणंच म्हणायला सुरुवात केली. बाई मोठी बोलघेवडी आहे, असं मी मनात म्हटलं.

थोड्या वेळानं तिचा नवरा बापू चहा घेऊन आला. डोळ्यांनी अधू, बोलायला हौशी असा माणूस. माझ्याजवळ बसून त्यानं बायकोचं कौतुक सांगायला घेतलं. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली हिच्याच हातून चुडा भरून घ्यायच्या. नुसता हात दाबला की माप सांगायची. नवरीच्या हाताला कळायचंसुद्धा नाही, आणि काच गेलेली असायची. मग म्हणाला, वरीस झालं, आज पहिल्यांदा पेटी उघडली तिनं. तुमच्या मंडळींचं नशीब.

ते मी वहीत लिहिलं नाही.

पावणेचारला शैला बाहेर आली. दोन्ही मनगटं हिरवीगार झालेली, उजव्या हातात अकरा, डाव्यात बारा. तिनं वाकून अक्काताईला नमस्कार केला आणि अक्काताईनं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उजवा परत पदराखाली गेला होता. मी पैसे दिले. तिनं तेवीस बांगड्यांचे घेतले आणि उरलेले चोख परत केले. परतीच्या गाडीत शैला खिडकीशी बसून हातांकडं बघत होती. छान भरल्या, मी म्हणालो. हो, ती म्हणाली. दुखलं का, असं विचारलं तर नाही म्हणाली. एरवी घरी पोचेपर्यंत तिचं तोंड चालू असायचं, पण मला वाटलं दमली असेल, आणि माझ्या डोक्यात अहवालाची वाक्यं जुळत होती.

अहवाल मी दुसऱ्याच दिवशी दिला. मला तो अजून पाठ आहे. 'दिनांक अठरा जानेवारी रोजी अर्जदार हिने आपल्या राहत्या घरी एका महिला ग्राहकाच्या दोन्ही हातांत मिळून तेवीस काचेच्या बांगड्या भरल्या. ग्राहकाच्या हातास सूज असूनही काम पूर्ण केले व रोख मोबदला स्वीकारला. सबब अर्जदार आपला व्यवसाय करण्यास सक्षम आहे.' महिला ग्राहक कोण ते लिहिलं नाही. बिडवेसाहेबांनी दोनदा वाचला आणि माझ्यासाठी चहा मागवला. आमच्या कंपनीचे वकील नाडगौडा म्हणाले, आता ही केस उभी राहत नाही.

डोहाळजेवण झालं. शेजारणींनी शैलाला झोपाळ्यावर बसवलं, सगळ्यांनी बांगड्यांची वाखाणणी केली. पुढच्या महिन्यात ती बेळगावला माहेरी जायची होती. बॅग भरून ठेवली होती. जायच्या आदल्या आठवड्यात सकाळी तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार वाढलाय म्हणाले. शैला वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या कॉटशेजारी बसलो होतो. नर्सनं तिच्या बांगड्या काढून रुमालात बांधून दिल्या होत्या आणि तो रुमाल माझ्या मांडीवर होता. शैला छताकडं बघत होती. तशीच बघत ती मला म्हणाली, "त्या दिवशी तासगावला खूप पिचल्या होत्या."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. एकेक बांगडी चढवायला अक्काताईला किती कष्ट पडत होते. अंगठ्यानं दाबता येत नव्हतं म्हणून ती मुठीच्या पाठीनं काच ढकलायची आणि काच तिच्याच हातात तुटायची. तुकडे गोधडीत दडवायची आणि वरून बोलत राहायची. वीसएक पिचल्यावर शैलानं मोजणं सोडून दिलं. मावशी, राहू दे आता, असं ती दोनदा म्हणाली. अक्काताईनं ऐकलं नाही. निघताना तिनं शैलाला बजावलं होतं की दोन जीवाच्या बाईच्या हातात काच पिचली तर ते बोलायचं नसतं. तू नवऱ्याला सांगू नकोस, मी माझ्या नवऱ्याला सांगत नाही. तू सुखरूप सुटलीस असं कळेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही.

"मी पण कुणाला सांगितलं नाही हो," शैला म्हणाली. "तरी असं झालं."

मी तिला म्हणालो की बांगड्यांचा आणि याचा काही संबंध नाही. रक्तदाब होता, डॉक्टरांनी आधीच आराम सांगितला होता. एवढं बोललो आणि माझी जीभ तिथंच अडली. कारण आराम सांगितलेला असताना तिला एसटीच्या धक्क्यांत घेऊन जाणारा मीच होतो, आणि कशासाठी नेलं ते तिला अजून माहीत नव्हतं. ते मी तिला त्याच दिवशी सांगितलं. ती कूस बदलून झोपली.

अहवाल बदलावा असं मनात आलं नाही असं नाही. पण बदलायचा म्हणजे ती महिला ग्राहक कोण ते लिहायचं, काय झालं ते लिहायचं, आणि ते सगळं बिडवेसाहेबांच्या टेबलावर ठेवायचं. माझ्याच्यानं झालं नाही. आज करू, उद्या करू म्हणत दहा महिने गेले.

डिसेंबरात सांगलीच्या कोर्टात अक्काताईची साक्ष लागली. तिच्यानंतर माझी होती. मी नाडगौडा वकिलांच्या मागच्या बाकावर बसलो होतो. अक्काताई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. उजवा हात पदराखाली. नाडगौडांनी आधी इकडचे तिकडचे प्रश्न विचारले आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, अठरा जानेवारीला तुम्ही घरी एका बाईला बांगड्या भरल्या का?

तिनं मान वळवून कोर्टभर बघितलं. तिला मी दिसलो. कट्ट्यावर चहा पिणारा माणूस तिनं लगेच ओळखला. आता ती नाही म्हणणार, असं मला वाटलं. म्हणाली असती तर बरं, असंही वाटून गेलं.

"भरल्या," ती म्हणाली.

किती? उजव्यात अकरा, डाव्यात बारा. हाताला सूज होती? होती. तरी भरल्या? व्हय. नाडगौडा खाली बसले. बसताना त्यांनी माझ्याकडं वळून समाधानानं मान हलवली.

तिचे वकील ढवळे, तरुण होते, त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. अशिलानं हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. घाईघाईनं उठून त्यांनी विचारलं, भरताना त्रास झाला का? अक्काताई गप्प. वेळ किती लागला? गप्प. किती फुटल्या?

"ते नगा विचारू," ती म्हणाली.

न्यायाधीश वयस्कर होते, शांत होते. बाई, हे तुमचेच वकील आहेत, तुमच्याच भल्याचं विचारतायत, उत्तर द्या, असं त्यांनी समजावलं.

"देते साहेब. पण आधी मला कुणीतरी एक सांगा. त्या पोरीची सुटका झाली का? पोर नीट हाय का तिचं?"

कोर्टात थोडं हसू पिकलं. न्यायाधीश म्हणाले, इथं प्रश्न विचारायचे नसतात, उत्तरं द्यायची असतात. अक्काताईनं डाव्या हातानं कठडा धरला.

"मग मला काय बी सांगायचं न्हाई."

ढवळे तिला विनवायला लागले. बाई, तुमची सगळी केस यावर आहे, बोला. ती हलेना. टाइपरायटरवरचा कारकून बोटं वर धरून थांबला होता. अर्जदारानं उत्तर देण्यास नकार दिला, असं घ्या, असं न्यायाधीश त्याला सांगायच्या बेतात होते. तेवढं लिहिलं गेलं की केस संपली. अठरा टक्के.

त्या कोर्टात तिच्या प्रश्नाचं उत्तर फक्त मला माहीत होतं. बोलायची ती का थांबली आहे, तेही फक्त मलाच. मी खरं सांगितलं असतं तर ती जन्मभर तोंड उघडणार नव्हती. वर घरी जाऊन गोधडीतल्या त्या तुकड्यांना बोल लावत बसली असती. गप्प राहिलो असतो तर दोन मिनिटांत सगळं संपणार होतं आणि मला कुणी दोष दिला नसता. मी उभा राहिलो.

"मुलगी झाली," मी म्हणालो. "दोघी सुखरूप आहेत."

नाडगौडांनी माझा कोट ओढला. न्यायाधीशांनी कडक आवाजात विचारलं, तुम्ही कोण, तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं? मी सांगितलं की मी कंपनीचा तपासनीस, अहवाल माझाच आहे, आणि ती बाई माझी बायको आहे. कुजबुज सुरू झाली. न्यायाधीशांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, हे कामकाजात घेऊ नका असं कारकुनाला सांगितलं आणि खाली बसायचा हुकूम केला. मी बसलो. माझं बोलणं कागदावर आलं नाही, पण जिला ऐकायचं होतं तिनं ऐकलं होतं.

अक्काताईनं डोळे मिटून घेतले. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. उजवा हात पदराबाहेर आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. अंगठा ताठ होता आणि शेजारची दोन बोटं एकमेकांवर चढलेली होती.

"मग सांगते, साहेब," ती म्हणाली. "एकतीस पिचल्या. रातीला गोधडी झटकली तवा मोजल्या. आधी तेवीस भरायला मला धा मिन्टं लागायची आणि पिचली तर एखादी पिचायची. त्या दिवशी दीड तास लागला. पिचलेल्याचं पैसं गिऱ्हाइकाकडनं घेत न्हाईत आम्ही, ते कासारणीच्या पदरचं. तवा तेवीस भरल्या आणि एकतीस पदरच्या घातल्या. असा धंदा रोज करून मी खाऊ काय? पुढं पंधरा दिस हात गळ्यात बांधून व्हते."

न्यायाधीशांनी विचारलं, हे सगळं आधी वकिलांना का नाही सांगितलं?

"पोर पोटात असताना ही गोष्ट बोलायची नसती, साहेब. तिची सुटका झाल्याचं मला कुणी कळवलं न्हाई. कसं बोलू?"

न्यायाधीशांनी तिला उजवा हात कठड्यावर ठेवायला सांगितलं आणि चष्मा पुसून पुढं वाकून बघितला. अंगठा मिटून दाखवा म्हणाले. तिनं प्रयत्न केला. नाडगौडांनी उठून सांगितलं की आमच्या साक्षीदाराला आम्ही आता तपासत नाही. माझी साक्ष राहूनच गेली.

निकाल दोन महिन्यांनी लागला. अर्जदाराचा धंदा पूर्णपणे गेला असं कोर्टानं धरलं आणि त्या हिशोबानं भरपाई द्यायला लावली. मला कंपनीनं खुलासा मागितला, तो मी दिला, आणि उन्हाळ्यात माझी परभणीला बदली झाली. बिडवेसाहेब जाताना बोलले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं.

पण त्या डिसेंबरातल्या दिवशी मी कोर्टातून खाली उतरलो, तर अक्काताई फाटकाशी थांबलेली. शेजारी बापू. आता ही मला शिव्या घालणार, अशी मी मनाची तयारी केली. बायकोला पुढं करून तिची केस बुडवायला निघालेला माणूस मी. ती राग धरून नव्हती असं नाही. एवढंच म्हणाली की पोटुशी बाईला असल्या कामाला आणायचं नव्हतं, भाऊ. मी मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "केवढी झाली?"

"आठ महिन्यांची," मी म्हणालो. पूर्ण दिवस भरून झाली असती तर आज केवढी असती, तेवढा हिशोब माझ्या डोक्यात कायम तयार असायचा.

बसती का? बसते. दात आले? दोन. आईवर गेली की तुमच्यावर? आईवर. एकापुढं एक मी सांगत गेलो आणि ती आनंदानं ऐकत गेली. मनगट केवढं हाय, दाखवा, असं ती म्हणाली. मी अंगठा आणि बोट जुळवून एक गोल करून दाखवला. ती हसली. "अवो, एवढं तर चार वर्साच्या पोरीचं असतंय. तुम्ही कधी धरता का न्हाई पोरीला?" तिनं डाव्या हातानं माझी बोटं धरून तो गोल लहान केला, आणखी थोडा लहान केला. "एवढं असंल."

"एवढंच आहे," मी म्हणालो.

"नाव काय ठिवलं?"

"मंजिरी."

ते नाव कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही.

आठवड्यानं बापू शोधत शोधत आमच्या ऑफिसात आला आणि कापसात गुंडाळलेली एक छोटी डबी देऊन गेला. आत काळ्या मण्यांच्या चार बारक्या बांगड्या होत्या. तीन दिवस ती डबी टेबलाच्या खणात पडून होती. टाकून देता येईना, घरी नेता येईना. चौथ्या दिवशी खिशात घालून घरी नेली आणि शैलापुढं ठेवली. कोर्टातलं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. ते सगळं सांगितलं; अक्काताई काय बोलली, मी काय खोटं बोललो, फाटकाशी काय झालं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

आता ही रडेल, नाहीतर मला काहीतरी बोलेल, आणि बोलली तर ते मला ऐकून घ्यायला हवं, असं मी ठरवून बसलो होतो. तिनं डबी उघडली. एक बांगडी काढली आणि बराच वेळ तळहातावर ठेवून बघत राहिली.

"नाव काय सांगितलंत?" तिनं विचारलं.

दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'स्त्री' एवढंच लिहिलेलं होतं. आम्ही दोघं त्या विषयावर फार बोलत नसू, आणि बोललोच तर 'ते झालं तेव्हा' असं म्हणायचो.

"मंजिरी," मी म्हणालो.

तिनं ती बांगडी परत कापसात ठेवली, डबी लावली आणि पदरानं पुसली.

"मंजिरीच्या बांगड्या माझ्या कपाटात ठेवते," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.